तालमीतल्या वयचोरीची बातमी करायची, तर सुरुवात कुठून करावी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय, ते थोडक्यात असं: "मी एका मराठी पेपरला कुस्ती मैदानांच्या बातम्या देतो, स्वतःचं यूट्यूब चॅनेलही आहे. आमच्या भागातल्या एका कुस्ती केंद्रातून जास्त वयाची पोरं लहान गटात खेळवतात असं कळलंय. एका मुलाच्या आधार कार्डाचा फोटो आणि त्याच्या दोन वेगवेगळ्या जन्मतारखा माझ्याकडे आल्यात. छुपा कॅमेरा घेऊन जाऊ का? आधी चॅनेलवर टाकू की पेपरला देऊ? आणि हे शोध पत्रकारितेचं काम नीट शिकायचं कुठे?"

तुमचा संशय मोठ्या माणसांवर आहे आणि हातात आलेला कागद मात्र एका पोराचा आहे. खरी अडचण इथेच आहे. दाखला काढणारा, फॉर्मवर सही करणारा, तपासणी न करता नाव पुढे पाठवणारा, हे सगळे मोठे. बातमी घाईत गेली की नाव छापून येतं ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं, आणि सही करणारे पुढच्या हंगामात दुसरा मुलगा घेऊन उभे राहतात. म्हणून शिकायचं ते हे, की त्या पोराच्या कागदापासून सही करणाऱ्यापर्यंत एकेक पायरीने कसं जायचं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पेपर तुमच्यामागे उभा राहणार असेल, संपादक कागद स्वतः बघणार असेल आणि छापण्याआधी वकिलाला दाखवणार असेल, तर थोडं पुढे जाता येईल. फक्त चॅनेलवर टाकणार असाल तर वार्ताहर, संपादक आणि प्रकाशक तिन्ही तुम्हीच. बदनामीची फिर्याद आली (भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, पूर्वीचं ४९९-५००) तर कोर्टाच्या तारखाही तुम्हालाच. माझं मत स्पष्ट आहे: पहिली बातमी चॅनेलवर एकट्याने करू नका. मजकूर ज्याने लिहिला नाही अशा माणसाने तो छापण्याआधी तपासलाच पाहिजे.

आता दोन जन्मतारखांकडे येऊ. नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

आपल्या भागात एका मुलाच्या दोन जन्मतारखा असणं ही रोजची गोष्ट आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माहेर चंदगडला किंवा गडहिंग्लजला, सासर खानापूरला. जन्माची नोंद महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे झाली आणि मूल वाढलं कर्नाटकात, जिथे गावातली जन्मनोंद वर्षानुवर्षं ग्रामलेखापालाकडे असायची. शाळेत घालताना आईबापांजवळ दाखला नसतो. मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होतात. कुठल्याही गावात पटावरच्या तारखा वाचून बघा, १ जूनची रांग दिसेल. आणि मूल वर्षभर आधी शाळेत बसावं म्हणून गुरुजींनी वय वाढवून लिहिलेलं असतं, हेही तितकंच नेहमीचं. अशा मुलाचा खरा जन्मदाखला पुढे कधी काढला की त्यात तो शाळेच्या नोंदीपेक्षा लहान निघतो. कागद शेजारी ठेवले की वयचोरी वाटते, पण दाखला खरा असतो आणि चूक शाळेच्या नोंदीत असते. उलटही घडतं. म्हणून दोन तारखांमधला फरक दिसला, तर तो फक्त प्रश्न समजायचा.

फरक दिसल्यावर आधी वर्ष बघा. कुस्तीचे वयोगट जन्मवर्षावर ठरतात. एका कागदावर ३ मार्च आणि दुसऱ्यावर १ जून, पण वर्ष एकच, तर मुलाला लहान गटात काहीच फायदा नाही आणि तुमची बातमीही नाही. वर्ष एकाने किंवा दोनाने सरकलं असेल आणि त्यामुळे गट बदलत असेल, तरच पुढे जा.

मग जन्मदाखला हातात धरून जन्मतारखेआधी नोंदणीची तारीख वाचा. दाखल्यावर नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख आणि दाखला दिल्याची तारीख अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने होते, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. पूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. समजा दाखल्यावर जन्म २००९ चा आहे आणि नोंदणी २०२३ ची, म्हणजे चौदा वर्षांनंतरची, तर आदेशाचा क्रमांक कुठेतरी असलाच पाहिजे. तो कुणी मागितला, कुठला पुरावा जोडला, अर्जदाराचा पत्ता कुठला होता, हे त्या प्रकरणाच्या फाइलमध्ये असतं. आणि एकाच केंद्रातल्या सहा-सात मुलांचे उशिरा नोंदलेले दाखले एकाच कार्यालयातून, चार-दोन महिन्यांच्या अंतराने, स्पर्धेच्या तोंडावर निघालेले दिसले, तर मात्र पोराच्या पलीकडचं काहीतरी तुमच्या हाती लागलंय. एकट्या मुलाचा उशिरा काढलेला दाखला काहीच सिद्ध करत नाही. ती सात दाखल्यांची ओळ बरंच काही सांगते.

आधार कार्ड इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. त्यावरची तारीख बहुतेक वेळा तोंडी सांगितलेली किंवा शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेली असते. शाळेच्या नोंदीला त्याहून जास्त वजन आहे. कर्नाटकातल्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाचं रजिस्टर आणि एसएटीएस (राज्याच्या विद्यार्थी-नोंद प्रणालीतला) क्रमांक, महाराष्ट्रातल्या शाळेत जनरल रजिस्टर आणि सरल या तिथल्या सरकारी प्रणालीतली नोंद. दहावीनंतर बदललेल्या तारखेपेक्षा पहिलीत लिहिलेली तारीख जास्त विश्वासाची, कारण तेव्हा कुस्ती कुणाच्या डोक्यातही नव्हती.

हाडांच्या तपासणीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. क्रिकेट मंडळ वापरतं ती टॅनर-व्हाइटहाउस ३ पद्धत. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडं किती जुळून आलीत ते मोजतात. त्यातून हाडांचं वय निघतं, जन्मतारीख नाही. लवकर वयात आलेला मुलगा त्यात मोठा दिसतो. एखाद्या डॉक्टरने तोंडी सांगितलं की "हा अठराच्या वरचा आहे", तर ते बातमीत घालू नका. वजन, दाढी-मिशी, कानाचा आकार यावरून तर मुळीच काही लिहू नका. तालमीतला खुराक आणि चार वर्षांचा व्यायाम पंधराव्या वर्षीही शरीर बदलून टाकतो.

कुणाच्याही खासगी कागदाला हात न लावता एक भक्कम काम करता येतं: जुने निकाल जमवणं. मैदानं, शालेय स्पर्धा, दसरा क्रीडा स्पर्धा, राज्य निवड चाचणी, या सगळ्यांचे निकाल पेपरात छापून आलेले असतात. एका तक्त्यात तारीख, स्पर्धा, वयोगट, वजनगट, कुठल्या संघाकडून खेळला आणि बातमी कुठल्या पानावर आहे ते लिहा. आंतरराष्ट्रीय नियमात १७ वर्षांखालचा गट १६ आणि १७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. पालकांची परवानगी आणि वैद्यकीय दाखला असेल तर १५ चाही चालतो. म्हणजे एका मल्लाला या गटात फार तर तीन हंगाम. चौथ्या हंगामात नाव दिसलं की थांबा आणि त्या वर्षी त्या स्पर्धेला लागू असलेलं नियमपत्रक मिळवा. शालेय स्पर्धांना ही खालची मर्यादा लावू नका, तिथे लहान मुलगा मोठ्या गटात खेळू शकतो. आणि नावांचा घोळ विसरू नका. एका गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात. वडिलांचं नाव, गाव आणि वस्ताद तिन्ही जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच मुलाच्या धरायच्या नाहीत. सीमाभागात आणखी एक गोष्ट तपासा. मुलगा राहायला खानापूरचा, सरावाला कोल्हापूरच्या तालमीत, तर तो एका राज्याकडून एका तारखेने आणि दुसऱ्या राज्याकडून दुसऱ्या तारखेने नोंदलाय का? दोन्ही संघटनांच्या प्रवेशयाद्या शेजारी ठेवल्या तर हे दिसतं, आणि त्यावर सही पोराची नसून संघटनेच्या पदाधिकाऱ्याची असते.

माहिती अधिकाराचा अर्ज हे तुमचं दुसरं हत्यार. आपल्याकडचे अर्ज बहुतेक वेळा साध्या चुकांनी फेटाळले जातात. कायद्यात अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी दिली आहे. बेळगावच्या कार्यालयात मराठीत अर्ज दिला तर तो परत करायला अधिकाऱ्याला कायद्यानेच वाव मिळतो. या लढाईत इथे वेळ घालवू नका. कन्नडमध्ये द्या, जमत नसेल तर इंग्रजीत द्या. कर्नाटकच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर जोडणं सगळ्यात सोपं. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायची सवय असते, ती नदीपलीकडे ठेवा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील कर्नाटक माहिती आयोगाकडे, आणि आयोगाचं खंडपीठ बेळगावातच आहे. तारखा वहीत लिहून ठेवा, कारण बरेच लोक अपिलाची मुदत चुकवून हरतात.

काय मागायचं? "अमुक मुलाचा जन्मदाखला द्या" असं मागितलं की खासगी माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(ञ) दाखवून नकार येणार. वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याने ते कलम आणखी कडक झालंय, आणि खरं सांगायचं तर मुलाच्या बाबतीत नकार योग्यच आहे. "तपासणी का केली नाही?" असंही विचारू नका, कारण या कायद्यात कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. युवा सबलीकरण व क्रीडा खात्याच्या जिल्हा कार्यालयाला द्यायचा मजकूर मी असा लिहीन: "गेल्या तीन वर्षांत जिल्हास्तरीय कुस्ती स्पर्धांसाठी (१) वयपडताळणीबाबत मिळालेली परिपत्रके व सूचना, (२) पडताळणी समितीच्या बैठकांचे इतिवृत्त व सदस्यांची पदनामे, (३) प्रत्येक वर्षी तपासलेल्या, नाकारलेल्या आणि जन्मानंतर एक वर्षाहून उशिरा नोंद झालेल्या दाखल्यांची संख्या दाखवणारी नोंदवही, खेळाडूंची नावे वगळून, (४) याबाबत आलेल्या तक्रारींची नोंदवही व त्यावर झालेल्या कार्यवाहीची पत्रे. याच नोंदींची कलम २(ञ) खाली समक्ष पाहणी करण्यास दिवस व वेळ कळवावा." शेवटचं वाक्य फार उपयोगाचं. झेरॉक्स देताना पान गळतं, पण समक्ष पाहणीत फाइलचा अनुक्रम आणि टिपणीचं पान दोन्ही दिसतात. नावं वगळायला आपणच सांगितलं की नकाराचं अर्धं कारण संपतं.

बातमी नावांशिवायही उभी राहते याचं उदाहरण आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची माहिती माहिती अधिकारात मागवून जानेवारी २०२० मध्ये एका राष्ट्रीय इंग्रजी दैनिकाने छापलं की दहा वर्षांत ४५ तक्रारी आल्या आणि त्यांतल्या २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या. एकाही मुलीचं नाव न येता सगळा दोष यंत्रणेच्या दारात जाऊन पडला. अमेरिकेत २०१६ मध्ये इंडियानापोलिसच्या दैनिकाने आधी फक्त एवढंच लिहिलं की जिम्नॅस्टिक्स संघटना प्रशिक्षकांविरुद्धच्या तक्रारी पोलिसांकडे पाठवत नव्हती. ती बातमी वाचून एक माजी खेळाडू स्वतःहून पुढे आली आणि संघटनेच्या डॉक्टरचं प्रकरण उघडकीला आलं. बातमी आधी कार्यपद्धतीवर केली की पीडित माणसाला बोलायचं की नाही हे स्वतः ठरवता येतं.

केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे कागद कुठे मिळतात, हे राज्यावर अवलंबून आहे. संस्था बेळगाव जिल्ह्यात नोंदलेली असेल तर ती बहुधा कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खाली, आणि तिने दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला ताळेबंद जिल्हा संस्था निबंधकाकडे द्यायचा असतो. तीच संस्था कोल्हापूर जिल्ह्यात नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. हे आधी न तपासता लोक चुकीच्या दारात दोन महिने घालवतात. ताळेबंदात बघायचं ते असं: सरकारी अनुदान, आमदार-खासदार निधी, मुलांकडून घेतलेली फी, मैदानाच्या देणग्या आणि "खेळाडू प्रवास" या नावाखालचा खर्च. कार्यकारिणीतल्या कुणाची सही स्पर्धेच्या प्रवेशफॉर्मवरही आहे का ते बघा. केंद्राला पटसंख्येवर किंवा पदकांच्या संख्येवर पैसा मिळत असेल, तर वय कमी दाखवण्याचं कारण तिथेच सापडेल. बहुतेक कागद कन्नडमध्ये असतील, काही ठिकाणी अंकही कन्नड. ४, ५ आणि ६ वाचताना सुरुवातीला हमखास गोंधळ होतो. कन्नड वाचणारा मित्र जोडून घ्या, आणि जमलं तर सहा महिन्यांत स्वतः वाचायला शिका. बेळगावात बसून शोध पत्रकारिता करायची तर कुठल्याही कोर्सपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

छुप्या कॅमेऱ्याबद्दल माझं उत्तर "नको" असं आहे. जी माहिती कागदावरून मिळते ती फसवून मिळवण्याचा अधिकार पत्रकाराला नाही, आणि वयचोरी ही मुळातच कागदावरची गोष्ट आहे. शिवाय तालमीत कॅमेरा नेला की चेहरे मुलांचे येतात. वस्ताद बढाई मारताना सापडला तरी त्यातून कुठल्या मुलाचा कुठला दाखला हे सिद्ध होत नाही.

इथे बेळगावच्याच नावाचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेतल्या बेळगावी पँथर्स संघाच्या मालकाला बेंगळूरच्या सीसीबी (केंद्रीय गुन्हे शाखा) पोलिसांनी सट्टेबाजीच्या प्रकरणात अटक केली. पुढे दुसऱ्या संघांचे खेळाडूही अडकले. महिनाभर मथळे चालले. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने काही आरोपींच्या याचिकांवर निकाल दिला की सामनानिश्चिती हा कलम ४२० खालचा फसवणुकीचा गुन्हा होत नाही, शिस्तभंगाची कारवाई क्रिकेट मंडळ त्याच्या नियमांनी करू शकतं, आणि त्यांच्यावरचा खटला रद्द केला. अटकेची बातमी ज्यांनी मोठ्या अक्षरांत वाचली, त्यांतल्या किती जणांना हा निकाल ठाऊक आहे? म्हणून शब्द नेमके वापरा. "अटक" म्हणजे "दोषी" नव्हे, "नियमभंग" म्हणजे "गुन्हा" नव्हे. आपल्या भागात "नुरा कुस्ती" हा शब्द सहज तोंडी येतो. दोन मल्ल वीस मिनिटं खडाखडी करून बरोबरीत सुटले म्हणून ती कुस्ती ठरवून झाली, असं लिहिता येत नाही. पैसे कुणी, कुणाला, कधी दिले हे दाखवता आलं तरच लिहा.

माहिती देणाऱ्यांबद्दल. तुम्हाला तो आधारचा फोटो कुणी दिला आणि का दिला, हा प्रश्न स्वतःला विचारलाय का? बहुतेक वेळा उत्तर असतं: शेजारच्या तालमीने, किंवा ज्यांचा मुलगा निवडीत हरला त्या पालकांनी. त्यामुळे माहिती खोटी ठरत नाही, पण ती अर्धी असू शकते, कारण देणारा स्वतःच्या तालमीतले दाखले देत नाही. मग तुम्ही दोन्ही तालमींचे कागद तितक्याच काटेकोरपणे तपासायचे. नाव गुप्त ठेवण्याचं वचन देण्याआधी नीट विचार करा. प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम १५(२) कौन्सिलसमोर स्रोत उघड करण्याची सक्ती करत नाही, पण कोर्ट आणि पोलीस यांच्यासमोर पत्रकाराला पूर्ण संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून "काहीही झालं तरी" असं म्हणू नका. "मी बातमीत नाव देणार नाही, संपादकाला सांगावं लागेल" असं स्पष्ट बोला आणि ते शेवटपर्यंत पाळा.

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो आणि कधी, कुठे काढला ही त्याच्या पोटातली माहिती गेलेली असते. मूळ फाइल "डॉक्युमेंट" म्हणून मागवा. कुणाकडून, कुठल्या दिवशी, किती वाजता आली ते वहीत लिहा, आणि मूळ फाइलवर कधीही खूण करू नका, नेहमी तिच्या प्रतीवर करा. प्रकरण कोर्टात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ते द्यायला मूळ फाइल आणि ज्या फोनवर ती आली तो फोन, दोन्ही जपलेले हवेत.

मुलांशी बोलायचं असेल तर आईबाप समोर असताना आणि त्यांच्या परवानगीने. वस्ताद किंवा केंद्राचा माणूस शेजारी बसलेला असताना घेतलेली परवानगी धरू नका. बातमीत मुलाचं नाव, गाव, वजनगट आणि स्पर्धा यांतलं एवढंही येऊ नये की गावकऱ्यांनी ओळखावं. "खानापूर तालुक्यातला ५५ किलो गटातला सुवर्णविजेता" असं लिहिलं की नाव झाकून काहीच उपयोग होत नाही, कारण तालुक्यात तो एकच असतो.

आणि बोलता बोलता एखाद्या मुलाने किंवा मुलीने लैंगिक छळाचं काही सांगितलं, तर त्या क्षणी वयचोरीची बातमी बाजूला ठेवा. पोक्सो कायद्याचं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ प्रत्येक नागरिकावर, म्हणजे तुमच्यावरही, पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकतं. न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही कळवता येतं. कलम २३ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काहीही, शाळेचं किंवा वस्तीचं नावसुद्धा, छापता येत नाही. "अजून पुरावा गोळा करतो, मग कळवतो" असं इथे चालणार नाही.

ज्यांच्यावर बोट जाणार त्यांना उत्तराची संधी द्यायची ती शेवटच्या संध्याकाळी फोन करून नाही. लेखी पाठवा, मराठी आणि कन्नड दोन्हींत, आणि किमान पाच दिवस द्या. प्रश्न असा असावा की त्याचं उत्तर आकड्यांत किंवा कागदात यावं: "आपल्या केंद्राने अमुक वर्षी १७ वर्षांखालील गटासाठी पाठवलेल्या फॉर्मपैकी सात फॉर्मना जोडलेले जन्मदाखले जन्मानंतर दहा वर्षांहून उशिरा नोंदलेले आहेत. ते कुणी तपासले? शाळेच्या नोंदीशी पडताळले का? पडताळले असल्यास त्याची नोंद दाखवाल का?" बरेचदा यातूनच खुलासा मिळतो आणि बातमीचं निम्मं म्हणणं गळून पडतं. तसं झालं तर ते आनंदाने सोडून द्या. आलेलं उत्तर बातमीत वरच्या भागात घ्या, शेवटच्या ओळीत ढकलू नका. सही एखाद्या संघटनेची असेल तर वरच्या संस्थेलाही विचारा. वयाच्या बाबतीत वरून कारवाई होऊ शकते: ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने बनावट जन्मदाखल्यांवरून ११ मल्लांना निलंबित केलं. त्याच वेळी विचारायचा प्रश्न असा, की दाखले बनवून देणाऱ्यांचं काय झालं?

सीमाभागातला एक धोका वेगळा सांगायला हवा. तुमची बातमी छापून येताच कुणीतरी तिला मराठी-कानडीचा रंग देणार. केंद्र मराठी माणसाचं असेल तर "मराठी पोरांना बदनाम केलं", अधिकारी कन्नड असेल तर "मुद्दाम डावललं". संबंध नसेल तर मथळ्यात आणि मजकुरात कुणाच्याही भाषेचा उल्लेख नको. आणि दोन्ही राज्यांतली केंद्रं एकाच मापाने मोजलीत हे तक्त्यातून दिसू द्या. वाचकाला ते दिसतं.

मैदानाच्या बातम्या देता म्हणून हेही सांगतो: ज्या कमिटीची चौकशी करताय तिच्या मैदानात फेटा बांधून घेऊ नका, शाल-नारळ घेऊ नका, जोड ठरवायच्या बैठकीला बसू नका. आधी घेतलं असेल तर संपादकाला सांगा. चॅनेलला त्या केंद्राची जाहिरात असेल तर बातमी दुसऱ्याने करावी. नातेवाईक तालमीत असेल तरी तेच. आपल्याकडे असं नातं लपत नाही, आणि ते बाहेर आलं की तुमच्या सातही दाखल्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

शिकायचं कुठे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पहिले तीन महिने कुणाचीही चौकशी न करता सराव करा. तालुक्यात सरकारी पैशातून झालेली एखादी व्यायामशाळा किंवा मैदानाची भिंत निवडा. कर्नाटकच्या खरेदी पोर्टलवरून तिची निविदा शोधा, माहिती अधिकारात मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मापांची वही) मागा, टेप घेऊन जा आणि लिहिलेली लांबी-रुंदी प्रत्यक्ष मोजा. आकडे जुळले तर जुळले असं लिहा. यात कुणाच्या पोराचं नुकसान होत नाही, आणि अर्ज, मुदत, फाइल वाचणं, मोजणं आणि उत्तर मागणं हे सगळं एकदा हातून जातं. दुसरा सराव म्हणजे एका मल्लाचे पाच वर्षांचे निकाल पेपरच्या फाइलींतून काढून वर सांगितलेला तक्ता भरणं. बेळगावच्या वाचनालयांत मराठी पेपरच्या जुन्या फाइली मिळतात, दोन दिवस बसावं लागेल. हे दोन्ही झाले की मग वयचोरीच्या अर्जाला हात घाला.

तोवर आज रात्री एक काम करा. त्या मुलाच्या आधारचा फोटो ज्या चॅटमध्ये आला ती जपा, पण कुणालाही पुढे पाठवू नका, कार्यालयाच्या ग्रुपवरही नाही. आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्यानेच मनाई आहे. फोनच्या गॅलरीतून आणि गूगल फोटोच्या बॅकअपमधून त्याची प्रत काढून टाका, मूळ फाइल पासवर्ड असलेल्या एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवा, आणि ज्याने पाठवला त्याला विचारा की हा फोटो त्याने आणखी कुणाकुणाला दिलाय.